दोन सीएमव्ही

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात सीएमव्ही म्हटलं की कुणालाही विचारा, शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल, केळीचा रोग. कुकुंबर मोझॅक व्हायरस. जुनी माणसं त्याला हरण्या म्हणतात. पानावर पिवळे पट्टे उमटतात, पोगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडायला लागतो, झाड खुरटतं, आणि पावसाळ्यात चार दिवस सलग ढगाळ राहिलं आणि मावा कीड वाढली की बघता बघता एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जातो. औषध नाही. झाड दिसलं की मुळासकट उपटायचं, बागेपासून लांब नेऊन गाडायचं किंवा जाळायचं, एवढंच. मी लहान असल्यापासून घरात हेच ऐकत आलेय, आणि एका वर्षी तर निम्मी बाग आबांनी, माझ्या वडिलांनी, स्वतःच्या हाताने उपटलेली मी पाहिलीये, त्या दिवशी ते जेवले नव्हते.

म्हणून मुंबईच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टर राउंडला आले आणि म्हणाले की रिपोर्टमध्ये सीएमव्ही निघालाय, तेव्हा आबा उशीवरून डोकं उचलून त्यांच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "सीएमव्ही? तो तं केळीले राहतो ना डॉक्टरसाहेब." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "मंग मले बी उपटाचं का आता?"

डॉक्टर तरुण होते, विदर्भाकडचे असावेत, त्यांना बोली कळली. ते हसले नाहीत याबद्दल मला त्यांचे आजही आभार मानावेसे वाटतात. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, काका, अक्षरं तीच आहेत पण हा वेगळा. हा माणसाचा. सायटोमेगॅलोव्हायरस. आणि याला औषध आहे.

मागचं थोडं सांगते. आबांना शुगर वीस वर्षांपासून. किडन्या हळूहळू गेल्या, मग दीड वर्ष भुसावळला आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दादा मोटरसायकलवर न्यायचा आणि येताना आबा त्याच्या पाठीवर डोकं टेकवून यायचे. मग आईने किडनी दिली. आईचा निर्णय एका दुपारी झाला, ती धान्य निवडत होती, मान वर न करता म्हणाली माझी तपासून घ्या, आणि पुन्हा निवडायला लागली. ऑपरेशन चांगलं झालं. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, जितका कमी तितका बरा, १.२ आलं, आम्ही पेढे वाटले, गावात फोन गेले, आणि सगळ्यांनी, आम्ही धरून, असंच समजून घेतलं की आता झालं, सुटलो.

डिस्चार्जच्या वेळी एक फाईल मिळाली होती. त्यात काय खायचं, काय नाही, कुठली लक्षणं दिसली की त्याच दिवशी फोन करायचा, सगळं छापलेलं होतं. कोऑर्डिनेटर बाईंनी अर्धा तास बसवून समजावलं पण होतं. पण कसंय, माणूस मरणाच्या दारातून परत आलेला असतो ना, तेव्हा कानावर पडलेलं आत उतरत नाही. आम्ही गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या आणि बाकीची फाईल देवघराच्या वरच्या फळीवर ठेवून दिली, जपून.

नवी किडनी म्हणजे शरीराच्या दृष्टीने परकी. बागेत राखण असते तशी शरीरात पण राखण असते, पांढऱ्या पेशी रात्रंदिवस फिरत असतात, अनोळखी काही दिसलं की तुटून पडतात. आईची किडनी आबांच्या शरीराला अनोळखीच. म्हणून त्या राखणदारांना गुंगीत ठेवायला लागतं, आयुष्यभर, रोज, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. यातलं टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९८४ साली मिळालं, हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं, म्हणाले बघ, मातीतच आहे सगळं. पण राखणदार झोपला की तो फक्त किडनीपुरता झोपत नाही. सगळ्या शिवाराची राखण ढिली पडते. हे वाक्य आम्हाला सांगितलेलं होतं, ते कळलं मात्र पाचव्या महिन्यात.

ऑपरेशननंतर पहिले तीन महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिर नावाची गोळी चालू होती, याच विषाणूला दाबून ठेवायला. महागडी गोळी. ती बंद झाली तेव्हा खरं सांगायचं तर आम्हाला हायसंच वाटलं, खर्च कमी झाला म्हणून. नंतर कळलं की ही गोळी थांबल्यावरचे काही महिनेच जास्त लक्ष ठेवायचे असतात, आत दबून असलेला विषाणू तेव्हाच वर येऊ शकतो.

पाचव्या महिन्यात आबांना बारीक ताप यायला लागला. फार नाही, संध्याकाळी शंभर. अंग गळून जायचं, जेवण नको व्हायचं, मग जुलाब सुरू झाले. कळण्याची भाकरी आणि ठेचा हा ज्या माणसाचा जीव की प्राण तो ताटाकडे बघून तोंड फिरवायला लागला. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. चांगला माणूस आहे, आमच्या घरातली तीन बाळंतपणं त्यांनी सांभाळलीत. त्यांनी विडाल टेस्ट केली, टायफॉइड धरून अँटिबायोटिक दिलं, सलाईन लावलं. सात दिवस गेले. ते सात दिवस मला अजून टोचतात, कारण ताप आला की त्याच दिवशी मुंबईला फोन करा असं त्या फाईलमध्ये ठळक अक्षरात होतं, आणि फाईल फळीवर होती.

आठव्या दिवशी मी जळगावहून गेले, आबांचा चेहरा बघितला आणि फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, पांढऱ्या पेशी किती? रिपोर्ट काढून बघितला तर १,९००. चार हजाराच्या वर पाहिजेत. त्याच रात्री भुसावळहून गाडी पकडली. मुंबईत विषाणू मोजणारी पीसीआर तपासणी केली, आणि रक्ताच्या एका मिलीलिटरमध्ये विषाणूच्या अठ्ठावीस हजार कॉपीज निघाल्या. तोवर क्रिएटिनिन १.९ वर गेलेलं होतं.

मला वाटलं होतं की कुठूनतरी लागण झाली असणार, गाडीत, दवाखान्यात, भेटायला आलेल्या कुणाकडून तरी. तसं नव्हतं. आपल्या देशात बहुतेक सगळ्यांना हा विषाणू लहानपणीच येऊन गेलेला असतो. आईच्या दुधातून, लाळेतून, एकमेकांच्या उष्ट्यातून. धडधाकट माणसाला तो आलेला कळतही नाही, चार दिवसांचा ताप, की तेही नाही. आणि एकदा आला की जात नाही. शरीराच्या काही पेशींमध्ये गप्प पडून राहतो, चाळीस वर्षं, साठ वर्षं. राखण जागी असते तोवर गप्प. माझ्यात असेल, हे वाचणाऱ्या बहुतेकांमध्ये असेल. राखण ढिली पडली, मग ती ट्रान्सप्लांटच्या गोळ्यांनी असो, कॅन्सरच्या केमोने असो, की एचआयव्हीने असो, की तो उठतो. पेशी फुगतात, सूक्ष्मदर्शकाखाली घुबडाच्या डोळ्यासारख्या दिसतात, म्हणून तर नावात सायटो म्हणजे पेशी आणि मेगॅलो म्हणजे मोठी. आतड्यात उठला की जुलाब, फुप्फुसात उठला की न्यूमोनिया, आणि एचआयव्हीच्या पेशंटमध्ये सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी पन्नासच्या खाली गेल्या की डोळ्याच्या पडद्यावर जातो आणि माणसाची नजर जाऊ शकते.

मराठीत याला संधीसाधू संसर्ग म्हणतात. शब्द बरोबर असेल, मला मात्र तो आवडत नाही. संधी साधायला कुणी टपून बसावं लागतं. हा तर घरातलाच जुना, आबांच्या लहानपणापासून त्यांच्यासोबत राहिलेला, त्यांच्यासोबत शेत केलेला, लग्न झालेला, बाप झालेला.

आता जे लिहायचंय ते आईबद्दल. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावताना सांगितलं की दात्याच्या अवयवातूनसुद्धा हा विषाणू जाऊ शकतो, म्हणून ऑपरेशनच्या आधी दोघांची तपासणी करतात, ज्याला कधीच लागण झालेली नाही त्याला लागण झालेल्या दात्याची किडनी बसली तर धोका सगळ्यात जास्त. आई माझ्या मागे उभी होती हे मला माहीतच नव्हतं. ती काही बोलली नाही. रात्री व्हरांड्यात चटईवर आम्ही दोघी पडलो होतो, मला वाटलं झोपली, आणि अंधारात म्हणाली, "म्हंजे माह्यातूनच गेलं का व ते त्यायच्यात?"

मी उठून बसले. काय सांगणार. तिने कुशीवरचा तो लांब व्रण आयुष्यभरासाठी घेतलेला, महिनाभर खोकलासुद्धा धरून धरून खोकली ती, आणि आता हे.

सकाळी डॉक्टर येईपर्यंत तिने चहा घेतला नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फाईल काढली, ऑपरेशनच्या आधीचे दोन्ही रिपोर्ट आईच्या समोर धरले आणि म्हणाले, हे बघा मावशी, हा तुमचा, हा त्यांचा. दोघांमध्येही आधीपासून होता. त्यांच्यात त्यांचा स्वतःचा होताच, लहानपणापासून. आता उठलाय तो त्यांचा की तुमच्या किडनीसोबत आलेला, हे मी सांगू शकत नाही, आणि त्याने औषधही बदलत नाही. तुमची किडनी आहे म्हणून ते इथे माझ्याशी बोलतायत. आईने ते दोन कागद बराच वेळ हातात धरले. तिला इंग्रजी येत नाही. पॉझिटिव्ह शब्द तेवढा तिने बोटाने दोन्हीकडे शोधला.

ते ऐकून ती शांत झाली का? नाही. असं एका दिवसात होत नाही.

गॅनसायक्लोव्हिरची ड्रिप रोज दोनदा, तीन आठवडे. मायकोफेनोलेट कमी केलं. अवघड याच्यासाठी की पांढऱ्या पेशी विषाणूनेही कमी होतात आणि या औषधानेही, त्यामुळे रोज रक्त, रोज आकडा, आणि तो आकडा बघून आमचा दिवस ठरायचा. त्या रात्री झोप लागायची नाही म्हणून मी मोबाईलवर वाचत बसायचे. तिथे मला गर्ट्रूड एलियन भेटली. न्यूयॉर्कची, जन्म १९१८. ती पंधरा वर्षांची असताना आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले आणि तिने ठरवलं की औषधांवर काम करायचं. पीएचडी झालेली नव्हती. तिने आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी जी औषधं काढली त्यात अॅझाथायोप्रिन आहे, ज्याच्या जोरावर १९६० नंतरच्या त्या दशकात जुळ्या भावंडांपलीकडे किडनी बसवणं जमायला लागलं. आणि त्याच बाईच्या टीमने पुढे असायक्लोव्हिर आणलं, विषाणूवरचं औषध, ज्याचं भावंड म्हणजे आबांच्या ड्रिपमधलं गॅनसायक्लोव्हिर. १९८८ ला नोबेल मिळालं. मी रात्री दोन वाजता हे वाचून एकटीच रडले. एकाच माणसाच्या हातून राखण झोपवणारं औषध पण निघालं आणि राखण झोपल्यावर उठणाऱ्याला आवरणारं पण, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं, आजही वाटतं.

आणि ते औषध चालतं कसं तेही ऐकण्यासारखं आहे. ड्रिपमधून जातं तेव्हा ते कच्चं असतं. ज्या पेशीत विषाणू उठलाय तिथे विषाणूचंच एक एन्झाइम त्याला पक्कं करतं, आणि मग विषाणू स्वतःची नक्कल काढायला गेला की साखळीत ही खोटी कडी बसते आणि नक्कल तिथेच अडते. म्हणजे काम मुख्यतः तिथेच होतं जिथे तो जागा आहे. मी हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "असं काही केळीले निंघालं तं बरं होईन."

शेजारच्या कॉटवर धुळ्याकडचे एक मास्तर होते, वय पस्तीस-छत्तीस असेल, बहिणीने किडनी दिलेली. त्यांना बीके व्हायरस. १९७१ साली लंडनमध्ये एका किडनी बसवलेल्या पेशंटच्या लघवीत पहिल्यांदा सापडला आणि त्याच्याच नावाची आद्याक्षरं त्याला दिली. हाही बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून, मूत्रमार्गात गप्प. उठला तर थेट बसवलेल्या किडनीवरच येतो. आणि याच्यावर खात्रीचं असं औषध नाही. करायचं एकच, राखण झोपवणाऱ्या गोळ्या कमी करायच्या, म्हणजे राखण थोडी जागी होईल आणि त्याला दाबेल. पण राखण जागी झाली की ती किडनीवर पण जाऊ शकते. मास्तरांच्या बायकोला त्यांना रोज अर्धी-अर्धी गोळी कमी करून देताना मी बघितलंय, ती ब्लेडने गोळी कापायची आणि कापताना श्वास रोखून धरायची. त्यांचं पुढे काय झालं मला कळलं नाही. आमचा डिस्चार्ज आधी झाला.

घरी आल्यावर खरी अडचण वेगळीच निघाली. आमच्याकडे माणूस आजारातून उठला की भेटायला यायचं असतं. नाही आलं तर राग धरतात, आणि आलं की हात हातात घेणार, जवळ बसणार, लेकरू मांडीवर देणार. प्रेमच आहे ते सगळं. दादा ओट्यावर उभा राहून लोकांना लांबून बोला, मास्क लावा म्हणायचा तेव्हा एक मामा चहा न घेता परत गेले आणि दोन वर्षं बोलले नाहीत. श्रावणात आमच्या खान्देशची देवी कानबाई बसली, तिच्या रोटांच्या जेवणाला सगळी भाऊबंदकी जमली, आणि आबा वरच्या खोलीत खिडकीपाशी. मिरवणूक खालून गेली तेव्हा ते खिडकीत उभे होते, हात जोडून, आणि खालच्या बायकांनी मान वर करून बघितलं तेव्हा कितीतरी जणींच्या डोळ्यात पाणी होतं.

लोकांना पटवून दिलं ते शेवटी आबांनीच, त्यांच्या पद्धतीने. कुणी आलं की म्हणायचे, टिश्यू कल्चरचं रोप आणतो ना आपण, लॅबमधून निघालं की लगेच उन्हात लावतो का? शेडनेटमध्ये ठेवतो, हळूहळू कडक करतो, लावल्यावर पहिले काही महिने मावा येऊ देत नाही, बांधावरचं गवत काढतो, शेजारी काकडी-टमाटे लावू देत नाही. मी तसं रोप आहे असं समजा. हे ऐकलं की माणूस आपोआप दोन हात मागे सरकून बसायचा. छापील फाईलने जे झालं नाही ते या एका बोलण्याने झालं. मला तेव्हापासून वाटतं की आपल्याकडे अशा पेशंटला डिस्चार्ज देताना गावच्या भाषेत बोलणारं कुणीतरी पाहिजे, आणि त्याने घरच्यांसोबत गावच्या डॉक्टरांशीही फोनवर बोललं पाहिजे. ट्रान्सप्लांटचा पेशंट, ताप, म्हणजे टायफॉइड धरून बसायचं नाही, एवढं एक वाक्य पोचलं असतं तर आमचे सात दिवस वाचले असते.

तिसऱ्या वर्षी नागीण झाली. उजव्या बरगडीखाली आग आग व्हायला लागली, वर काही दिसत नव्हतं, आबांना वाटलं ठिबकच्या नळ्या ओढताना लचक भरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याने भरलेले फोड, पट्ट्यासारखे, पाठीपासून पुढे. काकू बघून घाबरली. नागिणीचं तोंड आणि शेपटी भेटली की माणूस जातो, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात, आणि शेजारच्या गावात उतरवणारे एक बाबा आहेत, गेरू लावतात, मंत्र टाकतात. काकू रिक्षा बोलवायला निघाली होती. तिच्या मायेत काही खोट नव्हती.

पण यावेळी फाईल फळीवर नव्हती, फ्रिजवर चिकटवलेली होती. आईने स्वतः मुंबईला फोन लावला.

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजण्याच. कांजण्या बऱ्या होतात पण विषाणू मणक्याशेजारच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन राहतो, आणि म्हातारपणी किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की एकाच मज्जातंतूवरून खाली उतरतो, म्हणून फोड एकाच बाजूला, अर्ध्या कंबरपट्ट्यासारखे. ही गोष्ट नीट मांडली ती इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या लहान गावातल्या एका साध्या डॉक्टरने, एडगर होप-सिम्पसन, १९६५ साली, स्वतःच्या पेशंटच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी बघून. तोंड-शेपटी भेटण्याची भीती खरी नाही. मात्र आबांसारख्या माणसात हे फोड पट्टा सोडून अंगभर पसरू शकतात, फुप्फुसात, मेंदूत जाऊ शकतात, आणि ती भीती खरी आहे. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेलं सगळ्यात चांगलं. उतरवायला जाण्यात नेमके तेच तास जातात. आबांना त्याच रात्री जळगावला अॅडमिट करून असायक्लोव्हिरची ड्रिप सुरू झाली. पुन्हा एलियन. फोड दोन आठवड्यांत सुकले, ठणका मात्र चार महिने राहिला, शर्ट घासला तरी कळ यायची.

नागिणीची जी नवी लस आहे, जिच्यात जिवंत विषाणू नाही, ती २०२३ पासून भारतात मिळतेय. आधीची जिवंत विषाणूची लस अशा पेशंटला देता येत नाही, तशीच कांजण्यांची आणि गोवराची पण नाही. तुमच्या घरात कुणाचं ट्रान्सप्लांट ठरत असेल तर लसींचं ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं.

आता सहा वर्षं झाली. क्रिएटिनिन १.४. यंदाची मृग बाग लावून दीड महिना झालाय, मी दोन दिवस गावी होते, सकाळी आबांसोबत शेतात गेले. मास्क, हातात मोजे, पायात गमबूट, शेणखताच्या ढिगाकडे ते फिरकत नाहीत. ओळीओळीने पानं बघत चालतात, अजूनही त्यांच्याइतकी नजर दादाला नाही. सातव्या ओळीत थांबले. एका रोपावर बारीक पिवळी रेघ होती, मला तर दाखवल्यावर दिसली. पूर्वी त्यांनी स्वतः वाकून उपटलं असतं. आता ते दोन पावलं मागे उभे राहिले आणि दादाला हाक मारली.

दादा रोप उपटून बघत म्हणाला, "रोपातूनच आलं का बांधावरून आलं काय माहीत."

आई पाण्याची बाटली आणि डबी घेऊन बांधावर आलेली होती. ती म्हणाली, "आलं असंन कुठून बी. तू आधी लांब ने ते."

मग आबांच्या खिशातला मोबाईल वाजला. नऊ. आईने डबी उघडली, गोळ्या तळहातावर मोजल्या, आणि त्यांनी मास्क खाली ओढून हात पुढे केला.